पॉज कुणी दाबला?

जूनच्या पहिल्या पावसात आमच्याच बिल्डिंगच्या शेवटच्या पायरीवरून घसरले आणि डाव्या घोट्याला सहा आठवड्यांचं प्लास्टर आलं. शेवटच्या पायरीवरून! तिसऱ्या मजल्यावरून गडगडत आले असते तर चार लोकांना सांगायला तरी बरं वाटलं असतं. बँकेत रजेचा अर्ज गेला, दिवाण खिडकीजवळून हलवून टीव्हीसमोर आला, पायाखाली दोन उशा आणि हाताशी रिमोट. आता मनासारखे सिनेमे बघू, असं मी खुशीत ठरवलं होतं.

माणूस प्लास्टरमध्ये असला की त्याला भेटायला लोक येतात, हे मी विसरले होते. आलेला माणूस चहा होईपर्यंत पायाकडे बघतो, चहा झाला की टीव्हीकडे. आणि मग उठतच नाही.

मी सिनेमाच्या बाबतीत जरा सोवळी आहे. पुण्यात शिकत होते तेव्हा, 1997-98 च्या सुमारास, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात जाऊन बसायचे. तिथे शेजारच्याने पिशवीतून रुमाल काढला तरी लोक वळून बघायचे. सिनेमा सुरू झाला की संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर तासभर बंद करायचं नाही, अशी आमची रीत. घरात यातलं काहीही चालत नाही. घरात सिनेमा चालू असताना कुकरच्या शिट्ट्या होतात, गॅसवाला येतो, आणि प्रत्येकाला मध्येच काहीतरी सांगायचं असतं. पहिला आठवडा मी नुसती धुसफुसत होते. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की सिनेमा संपल्यावर मत विचारलं तर सगळे ‘छान होता’ म्हणून मोकळे होतात. म्हणून विचारणं सोडलं, आणि बँकेच्या जुन्या डायरीत कोणी कुठे थांबवायला लावलं तेवढं लिहायला लागले. खाली जे आहे ते त्या डायरीतलं.

सुरुवात सासूबाईंपासून. आईंचं वय 76, माहेर वेंगुर्ल्याचं, लग्न होऊन सांगलीत येऊन पंचावन्न वर्षं झाली. घाटावरची मराठी बोलतात, पण चिडल्या किंवा हरखल्या की मालवणी बाहेर येते. त्यांच्यासाठी म्हणून मी ‘थ्री ऑफ अस’ लावला. अविनाश अरुणचा हिंदी सिनेमा, 2023 च्या शेवटी आला होता. ‘किल्ला’ केला तोच हा दिग्दर्शक. मुळात कॅमेरामन, त्यामुळे कोकण दाखवायला लागला की घाई करत नाही. शेफाली शाहच्या बाईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली आहे, तर सगळं पुसायच्या आत ती लहानपणी राहिलेलं गाव बघायला नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला येते. तिथे शाळेतला मित्र भेटतो, जयदीप अहलावत.

आईंनी पहिली तक्रार दहाव्या मिनिटाला केली. ‘‘येंगुर्ल्यात एवढं हिंदी कोण बोलतं?’’ खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरी तक्रार माझी होती. तो मित्र बँकेत मॅनेजर दाखवलाय. भरतकाम करतो, कविता करतो, तेही ठीक. पण शाळेतली मैत्रीण आली म्हणून हा माणूस गावभर तिच्याबरोबर भटकू शकतो, ही कुठली बँक? मला पत्ता द्या, मी उद्या बदलीचा अर्ज टाकते. आमच्याकडे मॅनेजर जेवणाचा डबा उघडतो तेव्हा काउंटरसमोर तीन माणसं ‘साहेब, फक्त एक सही’ म्हणत उभी असतात.

मग आईंनी एकदम हात वर केला. ‘‘अगो, थांबय, थांबय!’’

मला वाटलं शेफाली शाहचा चेहरा बघायचाय. नाही. मागे चिऱ्याची भिंत होती. पावसाने काळी पडलेली, सांध्यांत शेवाळ, वर नळे. त्यात बघण्यासारखं दुसरं काहीही नव्हतं. आई पुढे सरकून बसल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. बोलल्या काहीच नाहीत. मी पण गप्प. इतका वेळ गेला की टीव्हीला वाटलं घरात कुणी नाही, आणि त्याने आपणहून पडद्यावर कुठल्यातरी परदेशी डोंगराचं चित्र टाकलं. बर्फबिर्फ असलेलं. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू तो डोंगर मीच आणून ठेवलाय.

सिनेमा परत सुरू झाला. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, ‘‘हिला विसरायला होतंय म्हणून नवरा घेऊन आलाय. मला सगळं आठवतंय, मला कोण नेतंय?’’

त्यांच्या भावाने घर विकलं त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर त्या गेल्या नाहीत. आम्हीही नेलं नाही. दर मे महिन्यात ‘जाऊ या की’ म्हणायचं आणि दर जूनमध्ये पाऊस लागला म्हणायचं.

सिनेमाबद्दल माझं मत विचाराल तर त्यातली सगळी माणसं जरा जास्तच समजूतदार आहेत. कुणीतरी एकदा चिडायला हवं होतं. पण स्वानंद किरकिरेने केलेला नवरा मला फार आवडला. बायको आणि तिचा जुना मित्र पुढे चालताहेत आणि हा मागून येतोय. मत्सर आहे, पण तो दाखवायची जागा नाही, कारण बायको आजारी आहे. ती अडचण तो नुसत्या चालण्यात आणतो. शेवटाकडे जत्रेतल्या मोठ्या पाळण्याचा प्रसंग आहे, तोही सुरेख. आई मात्र तेव्हा झोपल्या होत्या.

आता बाबा. माझे वडील विश्रामबागेत राहतात, वय 79, उभी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून झाली. ते आले की मी मुद्दाम ‘कोर्ट’ लावला. चैतन्य ताम्हाणेचा, 2014 चा, त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. मी तो थिएटरात बघितला होता आणि सुन्न होऊन बाहेर पडले होते. एका मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराचा मृत्यू होतो आणि वस्तीत गाणाऱ्या म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला भरतात, की तुझं गाणं ऐकून त्याने जीव दिला. सुन्न होण्यासारखंच आहे. पण बाबांबरोबर बघितला तो निराळाच सिनेमा होता.

पहिल्याच सुनावणीला बाबा म्हणाले, ‘‘थांबव.’’

‘‘का?’’

‘‘खाली बसलाय त्याच्याकडे बघ.’’

जजच्या खाली बसून टाइप करणारा माणूस. मी हा सिनेमा दोनदा बघितलाय, मला तो माणूस आठवतही नव्हता. बाबा मात्र सबंध सिनेमाभर त्याच्याकडेच बघत होते. साक्षीदार बोलतो, वकील बोलतात, मग जज त्यातलं आपल्या शब्दांत सांगतो आणि तेवढंच कागदावर उतरतं. ‘‘साक्षीदार रडला, तर ते कुठे लिहायचं?’’ बाबा म्हणाले. ‘‘साहेबांनी सांगितलं तर लिहायचं. नाही सांगितलं तर तो रडलाच नाही.’’ हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, ‘साखर संपली’ म्हणावं तसं.

आणि मग मला दिसलं की त्यांची बोटं चालली आहेत. उजवा हात गुडघ्यावर, पायजम्याच्या कापडावर तर्जनीने शॉर्टहँडच्या बारीक रेघा, वळणं, टिंबं. पडद्यावरचा जज सांगायला लागला की बोट चालू, थांबला की बोट थांबलेलं. निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली या माणसाला.

दोन तासांच्या आतला सिनेमा आम्ही साडेतीन तास बघितला. एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून जज तिचं प्रकरण ऐकतच नाही, तिथे माझी लेक संतापली आणि बाबा हसले. लेक म्हणाली, ‘‘आजोबा, यात हसण्यासारखं काय आहे?’’ बाबा म्हणाले, ‘‘अगं, मी हसतोय कारण ह्यांनी शोधून काढलं. मला वाटलं होतं हे बाहेर कुणाला माहीतच नाही.’’ पोलिसांचा तो ठरलेला साक्षीदार, जो निरनिराळ्या खटल्यांत पुन्हा पुन्हा उभा राहतो, तो आल्यावर तर त्यांनी टाळीच दिली. अशा एका माणसाला ते पुढची तारीख कधी आहे ते आपणहून सांगायचे म्हणे, म्हणजे त्याचा खेप-खर्च वाचायचा.

पण मयताची बायको साक्षीला येते तिथे बाबांनी सिनेमा थांबवायला लावला नाही. तो प्रसंग ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ती बाई काहीही नाट्य करत नाही. नवरा दारू पिऊन आत उतरायचा कारण घाण सहन व्हायची नाही, आधी खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. वकील विचारतो तेवढ्याचं उत्तर देते. सुरक्षेचं सामान? नव्हतं. बाबांचं बोट गुडघ्यावर पडून होतं. जज सांगत होता तरी हललं नाही. मी ते डायरीत लिहिलंय आणि खाली रेघ मारली आहे.

शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली आहे. ते मूळ कार्यकर्ते, नागपूरचे, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. एप्रिल 2021 मध्ये करोनाने गेले. गाणी संभाजी भगतांची. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील मात्र मला या खेपेला जास्त कळली. कोर्टात ती कलमं एका सुरात वाचत जाते, निर्विकार, आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन मुलाला घेऊन स्वयंपाकाला लागते. मी पंचवीस वर्षं काउंटरवर बसते. नियम वाचून दाखवताना माझाही आवाज तसाच होतो, हे मला आधीच्या दोन खेपांना का दिसलं नाही कुणास ठाऊक.

सिनेमा संपल्यावर बाबा म्हणाले, ‘‘छान होता.’’

मधले काही सिनेमे भराभर. ‘वाळवी’ नवऱ्याने लावला. परेश मोकाशीचा, खुनाचा बेत आणि त्याचा बोजवारा. कुणीही एकदासुद्धा थांबवला नाही. नवऱ्याला फोन आला तो त्याने कापला, आणि फोन त्याच्या मोठ्या साहेबांचा होता, यावरून काय ते समजा. शेवट सांगणार नाही. शेवट सांगणाऱ्यांना नरकात वेगळी रांग आहे.

‘परफेक्ट डेज’ लेकीने निवडला. तोक्योतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या माणसाची दिनचर्या, दुसरं काही नाही. कोजी याकुशोला 2023 मध्ये कान महोत्सवात अभिनयाचं बक्षीस मिळालं याच्यासाठी. नवरा वीस मिनिटांत ‘काहीच होत नाहीये’ म्हणून आत गेला. आई मात्र शेवटपर्यंत बसल्या. रस्ता झाडणाऱ्याच्या खराट्याच्या आवाजाने तो उठतो, अंथरूण घडी करतो, रोपांवर पाणी फवारतो, हे त्यांना पसंत पडलं. ‘‘नीट आहे माणूस,’’ म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘‘पण याला कुणी ‘जेवलास का’ म्हणून विचारत कसं नाही?’’

आईंना इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत. लेक शेजारी बसून मराठीत सांगते. तिचं भाषांतर आखडतं असतं. पडद्यावर दोन माणसं चार मिनिटं बोलतात आणि ही सांगते, ‘‘भांडतायत.’’ त्यामुळे कमी बोलणारे सिनेमे आमच्याकडे जास्त चालतात. त्याच हिशोबाने मी ‘द ग्रेट इंडियन किचन’ लावला. जियो बेबीचा मल्याळम सिनेमा, 2021 चा. लग्न होऊन आलेली मुलगी, नवरा, सासरा आणि स्वयंपाकघर. सासऱ्याला भात चुलीवरचा हवा, चटणी वाटलेली हवी, कपडे मशीनमध्ये टाकायचे नाहीत. आणि सिंकखालचा पाइप गळतोय. ती रोज सांगते, प्लंबर बोलवा. कुणी बोलवत नाही.

या काळात आमच्याकडे स्वयंपाक नवरा करत होता हे लक्षात घ्या. त्याने पाइपच्या प्रसंगाला रिमोट मागितला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो उठला, आत गेला, सिंकखाली टॉर्च मारून बघून आला आणि म्हणाला, ‘‘आपला कोरडा आहे.’’ आणि शांतपणे परत बसला. मी काय बोलणार?

आईंनी थांबवलं ते जेवणाच्या टेबलावर. पुरुषांचं जेवण होऊन ते उठलेत, आणि चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथा ताटात नाही, टेबलावरच पडलाय. पुढची माणसं त्याच टेबलावर जेवणार. आई त्या चित्राकडे बघत म्हणाल्या, ‘‘तुझे आजेसासरे.’’ एवढंच. मी या घरात आले तेव्हा ते नव्हते, फोटोतच बघितलेत, मोठ्या मिशा आणि फेटा. तेवीस वर्षांत आईंनी त्यांच्याबद्दल माझ्याजवळ एक वाकडा शब्द काढलेला नाही, तेव्हाही काढला नाही. त्या दोन शब्दांत वाकडं काही नव्हतंच. लेकीने विचारलं, ‘‘म्हणजे काय?’’ आई म्हणाल्या, ‘‘लाव पुढे.’’

शेवटची नोंद मिरजेच्या मित्राची. हा माझा शाळेतला मित्र, घरची तंतुवाद्यांची परंपरा, तानपुरे करतो. (2024 मध्ये मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेढे मागितले होते, अजून आलेले नाहीत.) हा पाय बघायला आला आणि मी ‘द डिसायपल’ लावला. ताम्हाणेचाच पुढचा सिनेमा, 2020 चा, व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालेला. शास्त्रीय गाणं शिकणारा एक मुलगा, मन लावून शिकतो, रियाज करतो, आणि हळूहळू आपल्याला आणि त्यालाही कळत जातं की तो त्या पायरीला पोचणार नाही. नायक झालेला आदित्य मोडक स्वतः गायक, गुरुजी झालेले अरुण द्रविड किशोरीताई आमोणकरांचे शिष्य. त्यामुळे गाण्याचं सोंग कुठेही नाही. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत तो मोटरसायकलवर संथ चाललाय आणि कानात माई नावाच्या गायिकेची भाषणं. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. सिनेमा ओटीटीवर आला 30 एप्रिल 2021 ला, आणि त्या वारल्या त्याच महिन्यात, 19 तारखेला. तेव्हा मी तो आवाज ऐकत एकटी रडले होते.

मित्र रडणाऱ्यांतला नाही. त्याने पाचव्या मिनिटाला डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. पण तानपुरा वाजला की भुवई हलायची. एकदा म्हणाला, ‘‘जवारी छान काढलीय कुणीतरी.’’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसीने घासून असा किंचित उतरता करायचा की तार छेडल्यावर तिथे हलकीच लागत राहते, आणि आवाज गोल, भरलेला येतो. मग तारेखाली दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. घासताना कागदाएवढं जास्त गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या वडिलांची काढलेली जवारी घ्यायला लोक लांबून यायचे. त्याचीही चांगली असते. ‘चांगली’ हा शब्द त्याच्यासमोर मी जपून वापरते.

सिनेमाचा बराचसा भाग होऊन गेला. नायक आता तरुण राहिलेला नाही, पोट सुटलंय, शाळेत गाणं शिकवतोय. गुरुजी आजारी आहेत, हा त्यांचं सगळं करतो. मित्राने डोळे उघडले आणि म्हणाला, ‘‘थांबव.’’

मी थांबवला.

‘‘पाण्याचा तांब्या दे.’’

मी प्लास्टरवाली. त्यानेच उठून घेतला. खिडकीपाशी उभा राहून प्यायला, आणि पंढरपूरकडून तानपुऱ्याचे भोपळे यायचेत, गाडी कधी येईल सांगता येत नाही, निघतो, म्हणून चप्पल घालायला लागला. मी म्हटलं, अरे, थोडाच राहिलाय. ‘‘ठेव तसाच,’’ म्हणाला. ‘‘येतो परत. माझ्याशिवाय बघू नकोस.’’

प्लास्टर मंगळवारी निघालं. पाय बारीक आणि पांढरा दिसतोय, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. लेक पुण्याला गेली. सोमवारपासून बँक. टीव्ही उघडला की वरच्या रांगेत ‘द डिसायपल’चं चित्र येतं, खाली लाल रेघ, टोकाला थोडीशी जागा राहिलेली. शेवट मला माहीत आहे, चार वर्षांपूर्वीच बघितलाय. तरी दोनदा तिथपर्यंत जाऊन परत आले. काल मित्राला फोन केला तर म्हणाला, भोपळे आले, पण ओले आहेत, वाळायला वेळ लागेल.